जास्तीची पापणी

२ फेब्रुवारी

सगळ्यांत आधी आली ती माझी धाकटी बहीण. ह्यांच्या सत्तरीचं बोलावणं पाचचं, ही चारलाच दारात. एरवी ही बया भांडी विसळून पालथी घातल्यावर उगवते आणि काही मदत करू का म्हणून विचारते. आज तासभर आधी का, ते दार उघडल्याबरोबर कळलं. चेहरा दाखवायला आली होती. डोळे हे एवढे टपोरे. वरच्या पापण्या आमच्या आईच्या वळणाने खाली लोंबायच्या, त्या गायब. मी विचारलं, झोप चांगली लागते वाटतं हल्ली. तर म्हणे हो, आणि पाणी भरपूर पिते. पाणी मीही पिते. सकाळपासून सात पेले झाले, एका पेल्याने पापणी उचलली नाही.

मग ह्यांचा मित्र आला, शेजारीण आली, सगळे धाकटीकडेच बघत. वाढदिवस ह्यांचा आणि उत्सवमूर्ती ही. शेवटी मोरीशी गाठून विचारलं तेव्हा कबूल झाली. ऑपरेशन केलंय. अर्ध्या तासाचं काम, म्हणाली.

नंतर लेकीचा व्हिडिओ कॉल. माझी नात, पिटुकली, जन्मली ती परदेशातच. तीन वर्षांची झाली, तिचं सगळं मी फोनच्या काचेतून केलं. पहिला दात काचेतून पाहिला, पापे काचेवर घेतले. ह्यांनी मग फडक्याने पुसायचं. आज मी डोळे फाडफाडून तिच्याकडे बघत होते, तर पोरगी आईला विचारते, "आजी झोपली का?"

सगळे हसले. धाकटी सगळ्यांत जास्त.

पण आनंदाची बातमी आता लिहिते, मुद्दाम शेवटी ठेवली. अठरा एप्रिलला लेक पिटुकलीला घेऊन येतेय. पंधरा दिवस! माझी नात पहिल्यांदा माझ्या मांडीवर बसणार. तेव्हा आजी झोपलेली दिसून चालणार नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी

आरशापुढे बसून पापणी चिमटीत धरून पाहिली. टेप लावला. दोन्हीकडे पाव इंच कापड जास्त आहे. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतेय, सैल कमरा आवळतेय. एवढं मला न सांगता कळतं. जास्तीचं काढायचं, दुमड घालायची, बारीक टाके. ह्यात डॉक्टरकीचं काही नाही, अल्टरेशन आहे.

ठरलं. मी काही सुंदर दिसायला करत नाहीये. नातीसाठी करतेय.

(ही वही मापांची आहे. डावीकडे गिऱ्हाइकांची मापं, उजवीकडे माझं. कोणी वाचायला नको म्हणून.)

६ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. ते कोडं सोडवत होते. आडवं, चार अक्षरी. वर न बघता म्हणाले की मला तू दिसतेस तशी ठीक दिसतेस. चष्मा लावलेला नव्हता. लावून परत सांगा म्हटलं, तर लावला, पाहिलं आणि कोड्यात तोंड घातलं.

चार पिढ्यांची बोलणी ह्या माणसाने एका जन्मात वाचवली.

१२ फेब्रुवारी

क्लिनिक गादीवाल्याच्या दुकानावर, दुसरा मजला. लिफ्ट बंद. भिंतभर सर्टिफिकेटं आणि बायकांचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या फोटोत सगळ्या रुसलेल्या, नंतरच्यात हसतायत. मीही कोणाला शिवून दिलेली पँट नंतर हसूनच घालायला सांगते.

काउंटरवरच्या मुलीच्या पापण्यांचे केस इतके लांब की वारा लागत होता. फॉर्म इंग्रजीत. मी चौथीपर्यंतची, पण तिला कशाला सांगू. चष्मा विसरले म्हटलं. ती वाचून विचारत गेली. वय? मी अठ्ठावन्न सांगितलं. तोंडातून निघून गेलं. तिने मान वर केली नाही, म्हणजे पटलं. घरी आल्यावर हे म्हणाले की तू सदुसष्टची आणि धाकटी बासष्टची, मग आता ती तुझी थोरली झाली का. होऊ दे की. मानाने बोलावं लागेल तिला.

पुढचा प्रश्न, चालू औषधं? आता इथे माणसाने विचार करायचा असतो. पायात रक्ताची गाठ झाली तेव्हापासून ती रक्त पातळ करायची गोळी घेते मी, रोज सकाळी. पण अठ्ठावन्नाची बाई रक्त कशाला पातळ करेल? ती म्हातारपणाची गोळी. सांगितली तर वयाचं बिंग फुटलं. म्हटलं, औषध म्हणून काही नाही, साधं डोकंसुद्धा दुखत नाही कधी.

मुलगी म्हणाली, वा.

मग डॉक्टर. पोरगाच, पण हात स्वच्छ. त्याने एक कागद भराभर वाचून दाखवला. रक्त साकळू शकतं, पू होऊ शकतो, डोळा नीट न मिटण्याची शक्यता, क्वचित नजरेला धोका. क्वचित हा शब्द जोरात म्हणाला, बाकीचे हळू. मला ती भाषा ठाऊक आहे. रंग गेला, कापड आटलं तर जबाबदारी आमची नाही, असं मीही पाटीवर लिहिलंय. चाळीस वर्षांत दोनदाच आटलं. सही करून टाकली.

२० फेब्रुवारी

क्लिनिक तारीख देत नाही. फोन केला की गाणं लागतं. तेच गाणं, तीन दिवस. मध्ये एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग उचला ना. दोन पँटींच्या दुमडी घालून झाल्या फोन कानाशी धरून. त्यातली एक दीड इंच जास्त आखूड झाली. गिऱ्हाईक म्हणाला घोटे दिसतात. म्हटलं फॅशन आहे.

२४ फेब्रुवारी

दहा मार्च मिळाली. अठरा एप्रिलपर्यंत पाच आठवडे. धाकटीला तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली होती. म्हणजे माझ्याकडे दोन आठवडे माया शिल्लक. शिवणात माया नेहमी ठेवावी, पुढे सोडायला कामी येते.

लेकीला सांगितलं नाही. सरप्राइज.

धाकटीने फोनवर विचारलं की तुझ्या त्या गोळीचं बोललीस ना डॉक्टरांशी. हो हो म्हटलं. हिला माझ्या यशात खोट काढायची सवयच आहे.

१० मार्च, सकाळी साडेसात

गोळी घेतली. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही असं मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बजावलंय, आणि मी तीन वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. माझ्यासारखा पेशंट मिळणार नाही कोणाला.

हे खाली रिक्षा बघायला गेलेत. शर्टाच्या खिशात काय काय कोंबलंय, कोड्याचं पुस्तक, बिस्किटं. पिकनिक आहे जशी.

१० मार्च, दुपारी दोन

झालं! घरी आले. एका डोळ्याने लिहितेय, दुसऱ्यावर बर्फ.

अजिबात दुखलं नाही, सुई तेवढी टोचली. मी जागीच होते. डॉक्टरने पेनाने पापणीवर रेघ मारली तेव्हा आरसा मागून घेतला. रेघ फारच खाली होती. मी म्हटलं जरा जास्त घ्या, परत परत कोण येणार. तो म्हणाला, "आजी, डोळा मिटायला कातडी लागते, थोडी ठेवावी लागेल." आजी! अठ्ठावन्नच्या बाईला आजी. मी सांगितलं की चाळीस वर्षं माझं हेच काम आहे, कापड पुढे सैल पडतंच, आत्ताच बेताचं घेतलेलं बरं. तो हसला आणि बघतो म्हणाला.

उजवीकडे मनासारखं झालंय.

रक्त जरा जास्त येतंय असं तो नर्सला दोनदा म्हणाला. मग मला विचारलं, काही घेता का तुम्ही. म्हटलं चहा.

१० मार्च, पाच वाजता

उजवा डोळा फुगलाय. सूज असणारच. धाकटीलाही होती. ह्यांचं काहीतरीच, म्हणतात चल हॉस्पिटलात. आत्ताच तर आले एका ठिकाणाहून. ओढ लागते आहे डोळ्यामागे, जसं कोणी आतून अंगठा

१५ मार्च

आज लिहायला बसवतंय. उजवा डोळा झाकलेला आहे.

त्या दिवशी वाक्य अर्धं राहिलं कारण पेन दिसेना. उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. ह्यांनी मला दोन जिने कसे उतरवले ते आठवत नाही. इतकं आठवतं की वाटेत ते माझ्याशी सारखं बोलत होते. लग्नापासून आजवर बोलले नसतील तेवढं. काय बोलले ते नेमकं ऐकलं नाही, दुखत होतं.

मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. बॅटरी मारून तिने पहिलंच विचारलं की रक्त पातळ करायचं काही चालू आहे का. मी म्हटलं नाही. सवय झाली होती. तेव्हा ह्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, कोड्याचं पुस्तक बाजूला केलं आणि गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "आज सकाळचीही घेतलीय. वय सदुसष्ट."

बाईने माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मग तिथल्या तिथे उजवीकडचे टाके उसवले. आत रक्त साकळून डोळ्यावर दाब आला होता. आणखी तासभर घरी बसला असतात तर त्या डोळ्याने दिसलं नसतं, असं तिने मला नाही, ह्यांना सांगितलं. तरी मला ऐकू येतंच की, मी समोरच होते.

दिसतंय. पहिल्यापेक्षा अंधूक, पण दिसतंय.

उसवणं ही काही मोठी गोष्ट नाही. मी रोज उसवते.

२१ मार्च

दोन्ही डोळ्यांखाली गालापर्यंत जांभळं. गिऱ्हाईक पँट घ्यायला आला तो दारातच थबकला, आणि ह्यांच्याकडे असा बघायला लागला की ह्यांनी दोन्ही हात वर केले. "मी नाही," म्हणाले. गिऱ्हाइकाला पटलेलं दिसलं नाही.

क्लिनिकला फोन केला. गाणं. मग ती मुलगी म्हणाली फॉर्मवर तर लिहिलंय औषध नाही. आणि पापणी जास्त घ्या असं तुम्हीच सांगितलंत ना. हे त्यांना बरोबर आठवतं.

धाकटी येऊन गेली. बसली, पाणी प्यायली, मी सांगितलं होतं असं म्हणाली नाही. ह्याचा जास्त राग आला.

२ एप्रिल

सूज गेली. डावा डोळा छान झालाय, अगदी धाकटीसारखा. उजवा मिटत नाही.

म्हणजे मिटतो, पण खाली फट राहते. डॉक्टरीणबाई म्हणते कातडीच पुरत नाही. त्यामुळे डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा पडतो म्हणून त्यातून पाणी वाहतं. हे मी तिला दोनदा विचारून घेतलं, कारण कोरडं आहे तर पाणी कुठलं? पण असंच असतं म्हणे. दिवसभर थेंब, झोपताना मलम आणि वरून चिकटपट्टी. सुई ओवता येत नाही, ह्यांना ओवून द्यावी लागते. वीस मिनिटं लागतात त्यांना. आडवं, उभं, सगळं करून बघतात.

अजून सोळा दिवस आहेत. कापड पहिल्या धुण्यानंतर सैल होतंच.

१० एप्रिल

पुन्हा ऑपरेशन करून कानामागची कातडी इथे ठिगळ म्हणून लावता येईल, पण सहा महिने काही करायचं नाही. बाईने ठणकावून सांगितलं. ह्या वेळी फॉर्म ह्यांनी भरला.

रोज मालिश करतेय. पापणी बोटाने खाली ओढायची, शंभर वेळा. आज मिटल्यासारखी वाटली. ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा लावून जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, आहे तेवढीच आहे. विचारायलाच नको होतं.

१७ एप्रिल

लेकीला आज सांगावं लागलं. इतके दिवस नेट नाही म्हणून नुसत्या आवाजावर बोलत होते. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आई, कशाला गं? मी म्हटलं, असंच. पिटुकलीचं नाव मी घेतलं नाही. ते पाप लेकराच्या डोक्यावर नको.

फ्रॉक पूर्ण झाला. निळा. खिसे दोन, कारण तिला खडे गोळा करायला आवडतात. माप फोनवरून घेतलं. पाठ टाचण्या न लावता सरळ आलीये.

१८ एप्रिल, दुपारी

आली! माझी बाहुली आली! फोनमध्ये दिसते त्यापेक्षा लहान आहे आणि केस जास्त आहेत. बापावर गेलेत.

मी हात पसरले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या पायांमागे गेली.

प्रवासाचा शीण. होणारच.

२० एप्रिल

फ्रॉक बसला, खिशात खडेही गेले, पण घालायला मला जवळ येऊ दिलं नाही. मी खोलीत शिरले की खेळ थांबतो. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी, तो लाल, आणि पापणी हलत नाही. लेक समजावते की ही आपली आजी, हिला बाऊ झालाय. आज पोरीने नीट विचार करून उत्तर दिलं, "ही नाही. फोनमधली आजी पाहिजे."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काम होतंच.

२३ एप्रिल

काळा चष्मा लावून पाहिला. जास्तच घाबरली. डोळा रुमालाने झाकून पाहिला, तर रुमालाखालून पाणी. ह्यांच्या मांडीवर मात्र खुशाल बसते. ते तिला कोडं वाचून दाखवतात आणि ती उत्तरं देते. सगळ्याला एकच उत्तर, हत्ती. हे लिहूनही घेतात. एवढी वर्षं मी बरोबर शब्द सांगितले, ते कधी लिहिले नाहीत.

धाकटी आली होती. पिटुकलीने तिच्या डोळ्यांना बोट लावून पाहिलं आणि खुदकन हसली. धाकटीने लगेच तिला खाली ठेवलं, घड्याळ पाहिलं, निघते म्हणाली. माझ्याकडे बघवलं नाही तिला. तेव्हा मला वाटलं की वाईट नाही ही. उशिरा येते एवढंच.

२५ एप्रिल, सकाळी दहा

युक्ती सापडली. माझीच.

स्वयंपाकघरात दार लोटून बसले आणि ह्यांच्या फोनवर फोन लावला, नुसत्या आवाजाचा. ह्यांनी तो पिटुकलीच्या कानाला लावला. मी म्हटलं, कोण बोलतंय? पलीकडून किंकाळी. आजी! भिंतीतूनही ऐकू आली आणि फोनमधूनही, एक आधी, एक मागून. अर्धा तास बोललो. खडे किती झाले, हत्ती काय खातो. चेहरा दाखव म्हणाली, म्हटलं नेट नाही.

आता रोज दहाला. मध्ये एक भिंत आहे फक्त. बाकी सगळं जसंच्या तसं.

लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. फोडणी जळेल म्हणून तिला हुसकलं. गॅस पेटवलेला नव्हता.

१ मे

उद्या जाणार. पंधरा दिवसांत मांडीवर एकदा बसली, तीही झोपेत असताना लेकीने आणून ठेवली म्हणून. वीस मिनिटं. जड आहे चांगली. पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. पाणी तिच्या केसांवर पडू नये म्हणून मान सारखी डावीकडे धरून बसले, ती अजून आखडलीये.

२ मे, संध्याकाळी

गेली.

दारात टाटा केला तो ह्यांना. मग जिन्याच्या वळणावर मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पण पाहिलंच नुसतं.

टॅक्सी कोपऱ्यावर गेली असेल नसेल, फोन वाजला. लेकीने लावून दिला होता. पिटुकली अगदी हळू आवाजात बोलत होती, कोणी ऐकू नये असं. म्हणाली, "आजी, आजोबांकडे एक बाई आहे. ती सारखी रडते. तिला सांग ना रडू नको."

मी म्हटलं, सांगते.

म्हणाली, आत्ता सांग. म्हणून मी फोन हातात धरून, घरात कोणी नसल्यासारखी, मोठ्याने म्हटलं, रडू नको गं. ह्यांनी कोड्यातून मान वर केली. मग पोरीने विचारलं, थांबली का? हो म्हटलं. तर समाधानाने तिने फोन आईला दिला.

उजव्यातून येतं ते ठीक आहे, त्याचं कारण बाईंनी सांगितलंय. डाव्याचं कारण काय, असं ह्यांनी विचारलं. मी सांगितलं, कांदा.

लेक म्हणाली पुढची तिकिटं आत्ताच बघून ठेवलीयेत. पुढच्या वर्षी, नऊ मे, दुपारी पोचणार.